परदेशात ग्लायडर उडवायला जाताय? आधी मागच्या सीटवरच्याशी गट्टी करा

परदेशी क्लबला पहिली ई-मेल लिहिताना आयुष्यभरात किती तास उडलात ते सुरुवातीलाच लिहू नका. समोरच्या इन्स्ट्रक्टरला त्यात फारसा रस नसतो. गेल्या तीन महिन्यांत किती वेळा उडलात, त्यांतली विंचवर (जमिनीवरच्या यंत्राने केबल ओढून) किती, एरोटोवर (विमानाने दोराने ओढून) किती, कुठल्या ग्लायडरवर सोलो (एकट्याने उड्डाण) करता, हे त्याला हवं असतं. आणि तुमचं वजन. लाजू नका, खरं लिहा. सीटवरच्या किमान-कमाल वजनाची पाटी प्रत्येक कॉकपिटमध्ये असते. पॅराशूटसकट त्यात बसत नसाल तर पुढचं बोलणंच खुंटलं.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं, पण वेळखाऊ. अमेरिकेत तुमच्या परवान्याच्या आधारावर तिथलं प्रायव्हेट पायलटचं प्रमाणपत्र मिळू शकतं, मात्र त्याआधी तिथली विमान वाहतूक नियामक संस्था एफएए तुमच्या देशाकडून परवाना खरा आहे ना याची खातरजमा करून घेते. तीन महिने तरी हाताशी ठेवा. तिथे ग्लायडरसाठी मेडिकल सर्टिफिकेट लागत नाही, युरोपात लागतं. युरोपीय एसपीएल (ग्लायडर वैमानिकाचा परवाना) असलेल्यालाही गेल्या २४ महिन्यांत ५ तास, १५ लाँच आणि इन्स्ट्रक्टरबरोबरची दोन उड्डाणं दाखवावी लागतात. शिवाय ज्या पद्धतीने लाँच घ्यायचं तिचे ५ लाँच. म्हणजे तुम्हाला कुणी जास्त प्रश्न विचारले तर तो अपमान समजू नका. विमा कुणाचा, आणि ग्लायडरला इजा झाली तर किती रक्कम तुमच्या खिशातून जाणार, हे मात्र लेखी विचारा.

आठवड्याभरासाठीच जाणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: सोलोचा हट्ट सोडा. इन्स्ट्रक्टर कमांडर असेल तर परवान्याच्या बऱ्याच कटकटी मिटतात, आणि ज्या हवेसाठी एवढा प्रवास केला ती हवा वाचणारा माणूस मागे बसलेला असतो. चेक फ्लाइटला, म्हणजे स्थानिक इन्स्ट्रक्टरबरोबरच्या तपासणी उड्डाणाला, परीक्षा समजून गप्प बसणारे पाहुणे मला कळतच नाहीत. मी तर उलट विचारत सुटते: इथे बुडवणारी हवा कुठे असते? दोर तुटला तर या वाऱ्यात तू कुठे उतरशील? सर्किट (उतरण्याआधीची ठरलेली फेरी) सुरू करायला उंची कमी पडली तर?

खरा धोका नव्या गोष्टींत नसतो, हाताला सवय झालेल्या गोष्टींत असतो. जर्मनीत व्हॅरिओ (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारी डायल) मीटर प्रति सेकंदात, अमेरिकेत नॉट्समध्ये. १ मीटर प्रति सेकंद म्हणजे जवळपास २ नॉट्स, त्यामुळे ‘दोन’ दाखवणारं थर्मल (वर चढणारी गरम हवा) कुठे उत्तम तर कुठे जेमतेम. एएसके २१ या दोन सीटच्या ग्लायडरचा अप्रोच (उतरायला येतानाचा वेग) साधारण ताशी ९० किलोमीटर, म्हणजे ५० नॉट्सच्या आसपास. आपल्या ग्लायडरचे चार-पाच वेग त्या डायलच्या एककात चिठ्ठीवर लिहा आणि बसण्याआधी मोठ्याने म्हणा. अल्टिमीटर धावपट्टीवर शून्य ठेवायचा की समुद्रसपाटीपासूनची उंची लावायची, तेही विचारा. नेवाडातल्या मिंडेनची धावपट्टीच सुमारे ४,७०० फुटांवर आहे. तिथे डायलवर नेहमीचाच वेग दिसतो, पण जमीन जास्त वेगाने मागे पळते. घाबरून नाक वर ओढलंत तर संपलं.

लिव्हर रंगावरून ओळखा: पिवळा रिलीज (दोर सोडायचा), निळा एअरब्रेक (उंची लवकर घटवायचा), हिरवा ट्रिम (ठरलेला वेग टिकवायचा). चाकाचा लिव्हर मात्र कधी डावीकडे, कधी उजवीकडे. कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) बंद करून डोळे मिटा आणि प्रत्येकाला हात लावून पाहा.

लाँचबद्दल थोडं जास्त. फक्त एरोटोवर वाढलेल्याला ब्रिटन किंवा जर्मनीतला विंच दचकवतो: मिनिटभराच्या आत हजारेक फूट, नाक आभाळाकडे. धावताना पंख सरळ राहत नसेल तर तो टेकायची वाट बघू नका, लगेच रिलीज करा. म्हणूनच हात पिवळ्या नॉबपाशी हवा. वर केबल तुटली तर आधी नाक खाली, मग वेग येऊ द्या, त्यानंतरच एअरब्रेकचा विचार. हे इन्स्ट्रक्टरकडून मुद्दाम करवून घ्या, तो स्वतःहून म्हणाला नाही तरी.

एरोटोतही फरक आहेत. ऑस्ट्रेलियात टो प्लेनच्या (ओढणाऱ्या विमानाच्या) प्रॉपवॉशच्या, म्हणजे त्याच्या पंख्याने मागे फेकलेल्या हवेच्या, खाली राहायची पद्धत आहे, बहुतेक ठिकाणी वर राहतात. दोर सोडल्यावर कोण कुठे वळणार, हे दर मैदानावर विचारा. दोन खुणा मात्र झोपेतही चुकू नयेत: टो प्लेनने पंख हलवले तर ताबडतोब दोर सोडा, नुसतं रडर (शेपटीवरची उभी पट्टी) हलवलं तर तुमच्या एअरब्रेककडे बघा, ते उघडे असतील. दुसऱ्या खुणेला घाबरून दोर सोडणारा कमी उंचीवर उघड्या ब्रेकांसकट एकटा पडतो.

न्यूझीलंडच्या ओमारामाला गेलात तर दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. तापतात ते उत्तरेकडचे उतार, आणि आपलं मन सवयीने दक्षिणेकडचे शोधत राहतं. वायव्येचा वारा सुटला की वेव्ह (डोंगरापलीकडे उठणारी हवेची लाट) मिळते. वेव्हमध्ये उंची सहज मिळते, म्हणून ऑक्सिजनचा नियम आधीच पाहून ठेवा. अमेरिकेत १४,००० फुटांच्या वर वैमानिकाला तो घ्यावाच लागतो, १२,५०० च्या वर अर्ध्या तासानंतर. डोंगराशेजारी उडताना वळण नेहमी डोंगरापासून दूर घ्यायचं, हे कुठेही बदलत नाही.

रेडिओचं सांगायचं तर फ्रान्समधल्या काही मैदानांवर फक्त फ्रेंच चालतं. नकाशावर तसं लिहिलेलं असतं. चार वाक्यं पाठ करा किंवा दुसरं मैदान निवडा.

शेतात उतरायची वेळ आली तर कुठलं पीक चालतं, कुंपणाच्या तारा कशा दिसतात, वीजवाहिन्या कुठून जातात, हे चेक फ्लाइटमध्येच वरून दाखवून घ्या. स्थानिक सिम, ग्लायडर परत न्यायला ट्रेलर घेऊन येणाऱ्याचा नंबर आणि ट्रेलर ओढायला चालणारा वाहन परवाना असलेला माणूस, हे उड्डाणाआधी ठरलेलं हवं. उतरल्यावर क्लबला फोन करा, मग शेतमालकाला शोधा. तो भेटेपर्यंत ट्रेलर आत घालू नका.