हद्दीवरचा वणवा : यंत्रणांच्या समन्वयातील या चुका टाळा

विदर्भात एकाच डोंगराला प्रादेशिक वन विभाग, वन विकास महामंडळ, महसूल खाते आणि सामूहिक वनहक्क मिळालेली ग्रामसभा अशा चौघांच्या हद्दी लागून असू शकतात. पेंचमध्ये तर लगतच मध्य प्रदेश सुरू होतो. अशा ठिकाणी वणवा हाताबाहेर जातो, तो बहुधा हंगामापूर्वी राहून गेलेल्या कामांमुळे.

पहिली चूक जाळरेषेची, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून गवत-पाला आधीच जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्याची. राज्यात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून मानला जातो आणि जाळरेषा त्याआधी कापून-जाळून तयार असणे अपेक्षित असते. परंतु एका यंत्रणेने जानेवारीत रेषा जाळली आणि शेजारच्या यंत्रणेचा निधी मार्चमध्ये आला, तर ऐन हंगामात सामाईक हद्दीवर वाळलेले गवत तसेच उभे राहते. म्हणून डिसेंबरमध्येच एकत्र बैठक घ्यावी, दोन्हीकडच्या वनरक्षकांनी हद्द एकत्र चालावी आणि कोणता पट्टा कोणी, कोणत्या दिवशी जाळायचा हे नकाशावर नोंदवून घ्यावे. शेजाऱ्याला न कळवता रेषा कधीही जाळू नये, कारण त्यातून सुटलेली ठिणगीच वणवा पेटवू शकते.

केवळ उपग्रहाच्या संदेशावर विसंबणे हीदेखील चूकच आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था आगीची सूचना मोबाइलवर पाठवते. मात्र उपग्रहावरील व्हिर्स (VIIRS) संवेदकाचा ठिपका सुमारे 375 मीटरचा असल्याने आग एका बीटमध्ये (वनरक्षकाच्या कार्यक्षेत्रात) आणि ठिपका दुसऱ्या बीटमध्ये असे घडू शकते, आणि मग दोघेही एकमेकांची वाट पाहतात. लगतच्या बीटचे संदेशही घ्यावेत, बदल्यांनंतर नोंदलेले क्रमांक तपासावेत आणि जो आधी पोहोचेल त्याने हद्द न पाहता आग विझवावी, असे लेखी ठरवावे.

माझ्या मते सर्वांत महाग पडते ती चूक म्हणजे गावाची आठवण आग लागल्यावरच होणे. मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते. यामागे पोटाचा प्रश्न आहे. एका विभागाने मोहाखाली अंथरायला जाळ्या दिल्या आणि शेजारच्याने फक्त गुन्हा नोंदवण्याची धमकी दिली, तर तिकडे लोक गुपचूप पेटवतात आणि ती आग जाळ्या वाटलेल्या जंगलातही शिरते. त्यामुळे जाळ्यांचे वाटप हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी व्हावे. वनहक्क कायदा, 2006च्या कलम 5ने ग्रामसभेला जंगलाच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. तेव्हा डिसेंबरच्या बैठकीत तिचे प्रतिनिधी बरोबरीच्या नात्याने बसले पाहिजेत.

आग विझल्यावर प्रत्येकाने आपापल्या क्षेत्राचा वेगळा पंचनामा केला की ती कोठून सुरू झाली हे कागदावर येतच नाही. पंचनामा संयुक्तच करावा आणि त्याची प्रत पुढच्या हंगामाच्या बैठकीत सर्वांसमोर ठेवावी.