सिगार वाईट की ओली? कोल्हापुरात हाताने वळलेली सिगार पारखताना

सिगार कडू लागली, सारखी विझली, एकाच बाजूने जळत गेली, असं कुणी म्हणालं की आधी महिना कोणता होता ते विचारावं. जुलै-ऑगस्टात कोल्हापूरची हवा दिवसचे दिवस ८० टक्के आर्द्रतेच्या वर असते. सिगारला हवी असते ६५ ते ६९. तंबाखूचं पान मिठासारखं हवेतलं पाणी ओढून घेतं आणि एप्रिलच्या दुपारी तितक्याच सहज सोडूनही देतं. त्यामुळे घरी आणल्या आणल्या पेटवलेल्या सिगारवर दिलेला निकाल बहुतेक वेळा तिच्या प्रवासावरचा असतो. छोट्या कारखान्याची महागडी सिगार असेल तर हा अन्याय जास्तच बोचतो.

म्हणून आधी दोन-तीन आठवडे विश्रांती. त्यासाठी लाकडी पेटीच हवी असं नाही, घट्ट झाकणाचा डबा पुरतो. मात्र ज्यात एकदा कांदा-लसूण चटणी भरली होती तो नको, कितीही घासला तरी. पंचवीसेक सिगारींना ६० ग्रॅमची, दोन्ही बाजूंनी काम करणारी, म्हणजे ओल देणारी आणि शोषणारीही, आर्द्रतेची पुडी लागते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ६९ पेक्षा ६५ टक्क्यांची बरी. आत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा, पण आधी त्याची परीक्षा घ्या: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर ते ओलसर चिखलासारखं होईल इतकेच थेंब पाणी, आणि दोन्ही झिपच्या पिशवीत चोवीस तास बंद. आकडा ७५ यायला हवा. ७१ दाखवला तर तुमचं यंत्र चार कमी बोलतं, एवढं लक्षात ठेवलं की झालं. नुसती फ्रिजमध्ये ठेवू नका, सुकते.

तापमान २४-२५ अंशांच्या वर गेलं की तंबाखूच्या भुंग्याची अंडी फुटू शकतात. रॅपरवर, म्हणजे सिगारच्या सगळ्यात बाहेरच्या पानावर, टाचणीने पाडल्यासारखं भोक आणि डब्यात बारीक भुसा दिसला तर बाकीच्या सिगारी बंद पिशवीत एक दिवस फ्रिज, तीन दिवस फ्रीझर, पुन्हा एक दिवस फ्रिज अशा फिरवा. थेट फ्रीझरमधून बाहेर काढल्या तर रॅपर तडकतं. पांढऱ्या केसाळ ठिपक्यांना काही दुकानदार कौतुकाने ‘बहर’ म्हणतात. बहुतेकदा ती बुरशीच असते. पेटवायच्या टोकाला आत दिसली तर सिगार सरळ फेकून द्या.

आणि खोक्यावर ८५ टक्के जागा व्यापणारा चित्ररूप इशारा नसेल तर माल आडमार्गाने आलाय. तो कुठे, किती ओलीत पडून होता हे कळायला मार्ग नाही. अशा मालावर चवीची मतं बनवण्यात अर्थ नाही.

आता हातात घ्या. सोयीचा आकार रोबुस्तो: पाच इंच लांब, ५० रिंग, म्हणजे इंचाचे ५०/६४, साधारण २० मिलिमीटर जाड. चाखायला पाऊण ते एक तास जातो. अंगठा आणि तर्जनीत धरून टोकापासून टोकापर्यंत हलकं दाबत जा. पिकत आलेल्या चिकूसारखी किंचित दबून परत यायला हवी. करकरली तर कोरडी, दबून तशीच राहिली तर ओली. मध्येच दगडासारखी गाठ लागली तर तिथे पानं पिळली गेलीत आणि ओढ (धूर किती सहज येतो ते) अडकणार. मऊ खड्डा लागला तर पान कमी पडलंय, तिथे ती तापेल. मग वास. गवताच्या गंजीचा, शेणखताचा वास चांगला. गोठ्यातल्या मुतासारखा नाकात झोंबणारा असेल तर पान पुरेसं आंबलेलं नाही; आणखी दोन-तीन महिने डब्यात ठेवा.

तोंडाकडच्या बंद टोकाची टोपी दीड ते दोन मिलिमीटरच कापा. खांद्याच्या, म्हणजे टोकाची गोलाई संपते तिथल्या, खाली गेलात तर रॅपर उलगडत जातं. न पेटवता एक झुरका घ्या: थंड सरबत नळीने ओढताना लागतो तेवढाच अडथळा हवा. पेटवायला ब्युटेनचा लायटर. काडी असेल तर गंधकाचा भपका जाऊ द्या. पेट्रोलचा लायटर आणि मेणबत्ती नकोत, त्यांचा वास उतरतो. ज्योत टोकाला न टेकवता, फिरवत, कडा सगळीकडून राखाडी होईपर्यंत शेकवा. मगच ओढा. छताचा पंखा बंद करा, नाहीतर वाऱ्याकडची बाजू पुढे पळते. रंकाळ्याकाठी किंवा पन्हाळ्यावर बसून चाखायचा बेत वाऱ्यामुळे फसतो, शिवाय सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २००३ च्या कायद्याने बंदी आहे.

पोटात काहीतरी हवं, पण तांबडा रस्सा नको. तिखट खाल्ल्यावर किमान दोन तास जीभ परीक्षेला बसवू नका. मधे तोंड साफ करायला साधं पाणी आणि चुरमुरे (भडंग नव्हे).

मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. घाईने कोळसा तापतो आणि कितीही चांगलं पान कडू, डांबरट होतं. धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात घोळवून बराचसा सोडा, उरलेला थोडा नाकातून. अर्धी चव नाकातच कळते. धूर गिळला नाही म्हणून तोंड-घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही, हे माहीत असू द्या. घाम फुटून मळमळलं तर थांबा, पाणी प्या, गुळाचा खडा चघळा.

चवीची नावं परक्या यादीतून उचलू नका. ‘चामडं’ म्हणतात ते नव्या कोल्हापुरी चपलेच्या वासात आहे: बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा तुरट, कोरडा गंध. मडुरो, म्हणजे काळपट रॅपरचा गोडवा काकवीच्या जवळचा. जास्त वेळ आणि जास्त उष्णतेत आंबवल्याने तो काळा रंग आणि ती चव येते. निकाराग्वाच्या पानात मिरी असते, तीही नाकाशी. भाजके शेंगदाणे, जायफळ, पहिल्या पावसाची माती, जे आठवेल ते लिहा. एक सावधगिरी: निपाणीच्या तंबाखूची सवय असलेल्या नाकाला ठसका म्हणजेच दम (तंबाखूचा जोर) वाटतो. विडीचा तंबाखू उन्हात सुकतो, सिगारचं पान सावलीत वाळून मग ढिगात महिनोन् महिने आंबतं. इथे ठसका हा दोष आहे. दम डोक्याला आणि पोटाला कळतो, दाटपणा जिभेला, आणि चव या दोन्हींहून वेगळी. तिघांची नोंद वेगवेगळी करा, पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या तिसऱ्या भागात.

जळण बिघडलं तर कारण शोधूनच गुण कापा. एक बाजू मागे राहिली तर तिला ज्योत दाखवा. पुन्हा पुन्हा होत असेल तर बांधणी कच्ची. आतून जळून रॅपर तसंच राहिलं तर बहुधा रॅपर ओलं किंवा झुरके फार दूर. राख अडीच सेंटीमीटरपर्यंत टिकली तर आत लांब पानं आहेत. तिच्या पांढरेपणावर भाळू नका, तो जमिनीतल्या खनिजांचा.

शंभरात चवीला ४०, ओढीला २५, जळणाला २० आणि बांधणीला १५ असं आम्ही मोजतो. दिसण्याला वेगळे गुण नाहीत. छोट्या कारखान्यात एका खोक्यातही फरक पडतो, तेव्हा किमान तीन सिगारी, आठवड्याच्या अंतराने, आणि त्यातली एक तरी ऑक्टोबरनंतर. शेवटचे दोन इंच उरले की चुरगाळू नका, कुबट वास खोलीभर राहतो. रक्षापात्रात ठेवून द्या, आपोआप विझते.