मॅप बंद, मोबाईल स्वयंपाकघरात

सोलापूरच्या नवी पेठेत एका जिन्याखालच्या सायबर कॅफेत मी पहिल्यांदा व्हाइस सिटी हा गेम खेळलो. तासाला पंधरा रुपये. आठवड्यातून एकच तास परवडायचा, पण उरलेले सहा दिवस मी त्याच शहरात असायचो. सात रस्त्याला सायकल थांबवली की डोक्यात पुढचं मिशन सुरू.

आज सदतिसाव्या वर्षी घरच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड आहे, स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतलेले साठेक गेम आहेत. टॉवेलच्या कारखान्यातले हिशेब उरकून रात्री अकराला खेळायला बसायचो आणि वीस मिनिटांत कंटाळून उठायचो. दोन वर्षं असं चाललं. वय झालं, असंच धरून चाललो होतो. पण गेम माझ्यात रुजायचा तो त्या मधल्या सहा दिवसांत, आणि नेमके तेच दिवस मी घालवून बसलो होतो. ते परत कसे आणले, ते सांगतो.

आधी एकच गेम ठेवा, बाकीचे उडवा. विकत घेतलेले कुठे जात नाहीत, पुन्हा उतरवता येतात. नवा घेतलात आणि मन बसलं नाही, तर स्टीमवर १४ दिवसांच्या आत, २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो.

थकलेल्या डोक्याने खेळू नका. मी रविवारी पहाटे साडेपाचला बसतो. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात तेवढीच वेळ सोसते. दहा वाजले की खोली तापते आणि कार्डाचा पंखा हेडफोनमधूनही ऐकू येतो. पाणी येण्याचा दिवस असेल तर आधी टाकी भरून घ्या. अर्धा कान नळाकडे असला की लक्ष लागत नाही. मोबाईल स्वयंपाकघरात ठेवा. टेबलावर उपडा ठेवून भागत नाही, हात जातोच.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणारा छोटा नकाशा बंद करा. विचर ३ (२०१५) हा गेम मी आधी पन्नास तास खेळलो होतो आणि मला त्यातला एक रस्ता आठवत नव्हता, कारण मी रस्ता बघतच नव्हतो, नकाशावरच्या ठिपक्यांमागे घोडा पळवत होतो. सेटिंगमध्ये जाऊन नकाशा काढला. पहिल्या रविवारी तीनदा चुकलो, फार चिडचिड झाली. दुसऱ्या रविवारी पडकी पवनचक्की, नदीचं वळण, तिठ्यावरची पाटी अशा खुणा धरायला लागलो. गाव पाहुण्याला जसं कळतं, तसं. मॉरोविंड (२००२) या जुन्या गेममध्ये तर कामाच्या जागेवर खूणच नसते. माणसं तोंडी वाट सांगतात, ती नीट ऐकावी लागते. जमेल तेव्हा त्याला हात घालाच.

जवळ शंभर पानी वही ठेवा. नावं, शंका, वेडेवाकडे नकाशे, काहीही लिहा. अडलात तर व्हिडिओ बघू नका. प्रश्न वहीत उतरवून उठा. नव्वद मिनिटं झाली की मी गोष्टीच्या मध्यातच उठतो. मग मंगळवारी अक्कलकोट रोडवर गाडी चालवताना उत्तर सुचतं, तेव्हा सायबर कॅफेचे दिवस जसेच्या तसे अंगात येतात. ज्यांना सलग वेळच मिळत नाही, त्यांनी आउटर वाइल्ड्स (२०१९) घ्यावा. त्यातला एक फेरा २२ मिनिटांचा असतो आणि मिळालेली माहिती पुढच्या फेऱ्यात कामी येते.

एक मात्र बघा. गेमच नाही, तर जेवण, गाणी, दोस्त, कशातच जीव रमत नसेल आणि आठवड्यांमागून आठवडे तसंच जात असतील, तर वही-नकाशा बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा.

माझ्या वहीतली या आठवड्याची ओळ अशी: ‘फाशीच्या झाडाकडून दलदलीकडे रात्री जावं, की उजाडायची वाट बघावी?’ आज बुधवार आहे. काल मी रात्री निघायचं ठरवलं होतं, आज सकाळी बदललं.