कारवानला इंजेक्शन देताना: बैलाचा हात कुत्र्यावर चालत नाही

लातूर-उदगीरकडं कारवान जातीची पळणारी कुत्री पाळणारी घरं अजून बरीच आहेत. या घरांतली माणसं गाई-बैलांना लहानपणापासून सुया टोचत आलेली असतात, आणि तोच हात ती कुत्र्यावर चालवतात. आमच्या शेजारच्या शेतावर असंच झालं. पळण्यात सगळ्यांच्या पुढं असणारं कुत्रं तापलं म्हणून मागच्या फऱ्यात जनावराची जाड सुई खोल घातली. त्या फऱ्यातून पायाची मोठी नस जाते, रक्ताची नव्हे, पाय हलवणारी मज्जातंतूची, आणि सुई तिलाच लागली. ताप दोन दिवसांत उतरला, पण पाय कित्येक महिने जमिनीवर घासत राहिला. त्याचा पंजा उलटा पडून वरचे केस झिजलेले मी रोज बघत होतो. म्हणून हे लिहितो आहे.

कारवान असो की शर्यतीचा ग्रेहाउंड, दोघांचा बांधा एकच. कातडी पातळ, तिच्याखाली चरबी नावालाच, आणि अंगभर ताणलेलं स्नायूचं मांस. त्यामुळे कातडी लवकर फाटते आणि सुई पाहिजे त्यापेक्षा खोल जाते. गुंगीच्या औषधांचंही तसंच आहे. थायोपेन्टल दिलेला ग्रेहाउंड इतर कुत्र्यांपेक्षा फार उशिरा शुद्धीवर येतो. म्हणून ऑपरेशनला नेलं की डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा, ‘साहेब, हे कारवान आहे.’

घरी इंजेक्शन द्यायचं ते फक्त डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं आणि तेही कातडीखालचंच. पहिलं इंजेक्शन त्यांच्यासमोर द्या, चुकलं तर ते तिथंच हात धरतील. शिरेतलं इंजेक्शन घरी कधीच नाही. मांसातलंही शक्यतो दवाखान्यातच द्या. रेबीजची लस तर डॉक्टरांच्याच हातून घ्यावी. ती 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते आणि आपल्याकडं मे महिन्यात वीज दुपारभर जाते.

आधी वजन करा. अंदाज नको. आपण एकटे काट्यावर उभे राहा, मग कुत्र्याला उचलून घेऊन उभे राहा आणि पहिला आकडा दुसऱ्यातून वजा करा. समजा कुत्रं 24 किलोचं भरलं आणि डॉक्टरांनी किलोला 2 मिलिग्रॅम सांगितलं, तर 48 मिलिग्रॅम लागेल. बाटलीवर ‘1 मिलीत 50 मिलिग्रॅम’ लिहिलं असेल तर एक मिलीलाही किंचित कमी. हा हिशोब कागदावर मांडून डॉक्टरांना दाखवा. गोठ्यातली बाटली कुत्र्याला वापरण्याची सवय इथंच नडते. खरुज-गोचिडाचं 1 टक्क्याचं आयव्हरमेक्टिन म्हणजे मिलीला 10 मिलिग्रॅम. गाईच्या मापानं सिरिंज भरली तर कुत्रं झिंगतं, थरथरतं, मरूही शकतं. माणसाचं डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषधही देऊ नका, त्यानं कुत्र्याच्या पोटात जखमा होऊन रक्त जातं. जनावरांसाठी ते 2006 पासून बंदच आहे, ते दिलेली जनावरं मेल्यावर खाऊन गिधाडं मेली.

सुई 22 किंवा 23 नंबरची, नवी. नंबर वाढेल तशी सुई बारीक होते. औषध ओढताना रबरी बुचातून गेलेली सुई थोडी बोथट होते, म्हणून टोचायला दुसरी लावा. फ्रिजमधलं औषध पाच मिनिटं मुठीत धरा, गार औषध जास्त झोंबतं. सिरिंज उभी धरून टिचकी मारा आणि वर आलेला बुडबुडा बाहेर काढा.

आता धरणं. कुत्र्याच्या ओळखीचा माणूस हवा, आणि त्यानं गुडघ्यावर बसून एक हात छातीखाली, दुसरा गळ्याखाली घ्यावा. चावायचं भय असेल तर सुती पट्टी लांब तोंडावर गुंडाळून हनुवटीखाली गाठ आणि मग कानामागं दुसरी. पण ही पट्टी मिनिट-दोन मिनिटांचीच. कुत्रं धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतं. दुपारच्या उन्हात तोंड बांधून ठेवलेलं कारवान डोळ्यांदेखत कोलमडतं. पळून आल्या आल्याही सुई नको, श्वास बसू द्या.

जागा मानेच्या मागं, दोन खांद्यांच्या मध्ये. अंगठा आणि दोन बोटांनी कातडी उचला, तंबूसारखी घडी होईल. कारवानची घडी लहानशीच येते, म्हणून ओढून ताणू नका. स्पिरिट लावलं तर वाळू द्या. सुई घडीच्या बुडाशी, अंगाला जवळजवळ समांतर घाला. दट्ट्या किंचित मागं ओढून बघा. रक्त आलं तर सुई काढून नव्या सुईनं दुसरी जागा धरा. हवा ओढली गेली तर सुई कातडीतून आरपार गेली. काहीच आलं नाही तर औषध सावकाश सोडा. पातळ कातडीत आरपार जाण्याची चूक हमखास होते. घडीच्या पलीकडच्या केसांवर बोट फिरवा. ओलं लागलं आणि औषधाचा वास आला तर औषध बाहेर सांडलंय. किती आत गेलं ते कळत नाही, म्हणून पुन्हा पूर्ण डोस देऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

दिल्यावर अर्धा तास कुत्र्याजवळच बसा. तोंड किंवा पापण्या सुजल्या, उलटी झाली, हिरड्या पांढुरक्या पडल्या, पाय लटपटले तर वाट न बघता दवाखाना गाठा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर 1962 आहे.

शर्यतीआधी वेदनाशामक टोचून लंगडं कुत्रं पळवतात, त्याचा मला मनापासून राग येतो. दुखणं हीच त्याची थांबायची खूण असते. डावीकडं वळत जाणाऱ्या गोल मैदानावर ग्रेहाउंडच्या मागच्या उजव्या घोट्याचं छोटं हाड मोडतं, कारण वळणावर सगळा भार त्याच पायावर येतो. आपलं शेत सपाट असलं तरी बांध आणि ढेकळं आहेतच, आणि सुन्न पायाला ती कळत नाहीत.

वापरलेली सुई टोपणात परत घालायला जाऊ नका, बोटाला टोचते. जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका, झाकण घट्ट लावा आणि डबा भरला की दवाखान्यात द्या. उकिरड्यात नको. तिथं कोंबड्या उकरतात आणि शेणखत भरायला पोरं अनवाणी उतरतात.