घड्याळातला रोमन चार ‘दुरुस्त’ करू नका, आणि आणखी काही चुका

जुन्या बाजारातून मी एक टोल्यांचं घड्याळ आणलं. तबकडीवर चारच्या जागी चार उभ्या रेघा! एकच चिन्ह सलग तीनपेक्षा जास्त वेळा लिहायचं नाही, हे आपण शाळेत घोकलेलं. घेतला बारीक ब्रश, तीन रेघा खोडल्या आणि उरलेल्या रेघेपुढे ‘व्ही’ काढला. पुढे तेलपाण्यासाठी ते रविवार पेठेतल्या एका घड्याळजींकडे नेलं. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, “हे उद्योग कुणी केले? चांगल्या डायलची वाट लावलीत की!”

सगळ्यात मोठी चूक हीच. घड्याळावर चार रेघांचा चार ही जुनी, रूढ रीत आहे. खुद्द रोमन लोकही चार दोन्ही तऱ्हांनी लिहीत. रोमच्या कलोसियमच्या ४४ नंबरच्या दारावर चाळीसपुढे चार रेघाच कोरलेल्या आहेत. त्यात घड्याळावर आकड्यांचे पाय मध्याकडे असतात, म्हणजे चार आणि सहा जवळजवळ उलटे दिसतात. दोन्हींत एक रेघ आणि एक ‘व्ही’ असेल तर घोटाळा ठरलेला. शिवाय समोरच्या भरगच्च आठपुढे चार रेघांचा चार शोभून दिसतो. पहिल्या चार तासांत नुसत्या रेघा, पुढच्या चारांत ‘व्ही’, शेवटच्या चारांत ‘एक्स’. एकूण २० रेघा, ४ ‘व्ही’, ४ ‘एक्स’. हिशेब कसा सुबक!

फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या हट्टापायी हा चार आला, ही व्हॉट्सॲपवरची गोष्ट मात्र सोडून द्या. लुई १६३८ साली जन्मला. असा चार त्याच्या आधीच्या घड्याळांवरही आहे.

आता उलटी चूक. एवढं वाचून कुणी रेघ-व्हीचा चार दिसला की “नकली!” म्हणून मोकळा होईल. लंडनच्या बिग बेनच्या तबकडीवर तसाच चार आहे. सतराव्या शतकातल्या जोसेफ निब या इंग्रज घड्याळजीच्या काही घड्याळांत तर त्याला खास अर्थ आहे. त्यांत दोन घंटा असत: एकीचा ठोका म्हणजे एक, दुसरीचा म्हणजे पाच, आणि दहाला दुसरीचे दोन. चार वाजले की आधी लहान आवाज, मग मोठा. त्यामुळे बारा तासांत ७८ ऐवजी ३० ठोके पुरत आणि चावी जास्त काळ टिकत असे. अशा घड्याळावर चार रेघा रंगवणं म्हणजे माझ्याच चुकीची दुसरी बाजू.

चारला रेघा म्हणून नऊलाही ‘व्ही’ आणि चार रेघा काढू नका. नऊ रेघ-एक्सच राहतो. तर्काला पटो न पटो.

घरी तबकडी बनवणाऱ्यांची ठरलेली फजिती म्हणजे नऊ आणि अकराची अदलाबदल. नऊचा सुटा आकडा उलटा धरला की तंतोतंत अकरा दिसतो. म्हणून चिकटवण्याआधी बारा आकडे नुसते मांडून बघा, सगळ्यांचे पाय मध्याकडे हवेत. दोन आकड्यांत ३० अंश, आणि ते मोजायचे आकड्याच्या मध्यापासून, कडेपासून नव्हे. आठ सगळ्यात रुंद असल्याने कडेपासून मोजलं की तोच सरकतो. ‘व्ही’ची डावी रेघ जाड, उजवी बारीक, कागद पालथा कापला गेला तर जाडी उजवीकडे जाते आणि आकडा का खटकतोय ते कळत नाही.

रंगवलेल्या तबकडीला स्पिरिट लावू नका, मूळ आकडेही निघतील. मी माझा ‘व्ही’ पुसायला तेच करणार होतो. घड्याळजींनी बाटली हातातून काढून घेतली.