पक्ष्यांच्या मागे जाऊ नका, भरतीची वाट बघा: बंदरावरचं हिवाळी पक्षीनिरीक्षण

पहिल्या हिवाळ्यात मी ओळीने पाच रविवार सकाळी सात वाजता बंदरावर गेले. एका रविवारी धक्क्याखालच्या चिखलाच्या पट्टीवर दोन-अडीचशे पक्षी इतके जवळ, की दुर्बिणीविना त्यांच्या पायांचा रंग कळावा. पुढच्या रविवारी त्याच जागी नुसता चिखल, आणि पार क्षितिजापाशी हलणारे ठिपके. मग पुन्हा पक्षी, पुन्हा रिकामा चिखल. वहीत मी लिहून ठेवलं, "पक्षी येऊन-जाऊन आहेत." सहाव्या रविवारी दोरखंड गुंडाळत बसलेल्या एका खलाशानं विचारलं, "बाई, तुम्ही पाण्याची वेळ बघून येता का?"

मी घड्याळ बघून जात होते. एका भरतीनंतर दुसरी भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते, म्हणजे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा जवळपास 50 मिनिटं उशिरा. आठवडाभरात हा फरक सहा तासांच्या घरात जातो. ज्या रविवारी सातला भरती चढत होती, त्याच्या पुढच्या रविवारी सातला ओहोटी असणारच. पक्षी कुठेही गेलेले नव्हते. ते पाण्याच्या कडेकडेनं चालत होते आणि कड माझ्यापासून किलोमीटरभर लांब सरकली होती.

म्हणून दुर्बीण घेण्याआधी तुमच्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळवा. त्यात दोन गोष्टी असतात, वेळ आणि पाण्याची उंची. दोन्ही वाचायच्या. पाणी सहा तास एकसारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतकंच येतं, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. दर्यावर्दी लोकांचा हा ढोबळ हिशेब आहे. खाड्या आणि अरुंद तोंडाची बंदरं त्यात थोडी फेरफार करतात. पण पक्षी बघणाऱ्याला तो पुरतो. पूर्ण भरतीच्या तीन तास आधी जागेवर जाऊन बसा. चिखल झपाट्यानं बुडू लागतो आणि लांबवर विखुरलेले पक्षी पाणी तुमच्याकडे ढकलत आणतं. शेवटच्या तासात खाणं संपतं आणि सगळे एकत्र येऊन विश्रांतीला उभे राहतात, कुणी ब्रेकवॉटरच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाच्या दगडांवर, कुणी मोडक्या तराफ्यावर, कुणी गोदामाच्या पत्र्यावर.

उंचीचा आकडा यासाठी, की अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती असते. सगळा चिखल बुडतो, पक्ष्यांना धक्क्यापाशी येण्यावाचून गत्यंतर राहत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी कमी चढतं, लांबचे पट्टे उघडेच राहतात आणि पक्षी तिथेच थांबतात. महिन्यातून दोनच फेऱ्या जमणार असतील तर त्या उधाणाला करा.

वेळेनंतर उजेड. ओल्या चिखलावर समोरून ऊन आलं की प्रत्येक पक्षी काळी सावली होतो. सूर्य पाठीशी राहील अशा दोन जागा शोधून ठेवा, एक सकाळच्या भरतीसाठी आणि एक दुपारच्या. माझ्या सकाळच्या जागेला एक बुटकी भिंत आहे. पाठीला तिचा आधार मिळतो, वारा अडतो आणि माझी आकृती आकाशावर उमटत नाही. हे तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. धक्क्याच्या कडेवर उभा असलेला माणूस पक्ष्याला फार लांबून दिसतो. भिंतीला टेकून बसलेल्याची त्याला काही वेळानं सवय होते.

जागा निवडताना बंदर ही कामाची जागा आहे, हे विसरू नका. ताणलेल्या दोरखंडाच्या रेषेत किंवा ज्या खुंटाला तो बांधला आहे त्याच्या मागे कधीही बसू नका. दोर तुटला तर तो ज्या जोरानं फिरतो, त्यातून माणूस वाचत नाही. शेवाळलेल्या उतारावर पाऊल ठेवू नका. ब्रेकवॉटरवर जाण्याआधी भरतीला परतीची वाट बुडते का, हे तिथल्या माणसाला विचारा. दुर्बीण आणि कॅमेरा पाहून पहारेकरी येणार. हद्दीत शिरण्याआधीच परवानगी मागितलेली बरी. जिथे मनाई आहे तिथे बाहेरूनच बघायचं.

दुर्बीण 8×42 घ्या. आठ म्हणजे आठपट मोठं दिसतं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दहापटीची दुर्बीण हाताच्या थरथरीलाही दहापट करते, आणि बंदरावर वारा असतोच. चिखलावरच्या पक्ष्यांसाठी तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्यानं बघायची छोटी दूरदर्शक नळी, फार उपयोगी, पण पहिल्या हिवाळ्यात त्याची गरज नाही. खाऱ्या तुषारांनी माखलेलं भिंग कोरड्या फडक्यानं कधीच पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्यानं ओला केलेला मऊ कपडा हलकेच फिरवायचा, मग पुसायचं.

आता पक्षी. हिवाळ्यात रंगावर विसंबू नका. उत्तरेच्या टुंड्रात उन्हाळ्यात तांबूस-काळे दिसणारे हे पक्षी आपल्यासमोर येतात तेव्हा वर राखाडी, खाली पांढरे झालेले असतात. पुस्तकातलं देखणं चित्र आणि समोरचा पक्षी जुळत नाही, आणि नवखा माणूस तिथेच हिरमुसतो. रंगाऐवजी चाल बघा.

चिखल्या दोन-चार पावलं धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. त्याची चोच आखूड आणि डोळा मोठा असतो, कारण तो भक्ष्य नजरेनं शोधतो. तुतवारांच्या कुळातले बहुतेक पक्षी थांबत नाहीत. मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात मारत ते पुढे सरकतात, कारण त्यांना भक्ष्य चोचीच्या टोकाला जाणवतं. एवढा एक फरक डोळ्यात बसला की समोरची गर्दी दोन भागांत विभागली जाते. दोन हिवाळे मी दुसरं काही शिकले नसते तरी चाललं असतं, असं मला वाटतं.

मग एकेकाची खूण. रेडशँकचे पाय नारिंगी-लाल, आणि उडाला की पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरी पट्टी. ग्रे प्लोव्हर, म्हणजे राखाडी चिखल्या, बसलेला असताना अगदी साधा दिसतो. उडताना काखेतला काळा डाग दिसला की दुसऱ्या कुणाशी गल्लत होत नाही. कुरल म्हणजे कर्ल्यू, त्याची चोच खाली वाकलेली आणि इतकी लांब की खेकड्याच्या बिळात खोलवर जावी. मादीची चोच नरापेक्षा लांब असते. त्याचाच लहान भाऊ व्हिंब्रेल, डोक्यावरच्या गडद-फिकट पट्ट्यांनी ओळखायचा. सँडर्लिंग वाळूच्या पट्टीवर लाटेमागे धावत जातो आणि लाटेपुढे धावत येतो. त्याला मागचं बोटच नसतं. ऑयस्टरकॅचर लांबूनही चुकत नाही, काळा-पांढरा आणि गाजरासारखी चोच. शिंपला उघडायच्या त्याच्या दोन पद्धती आहेत, ठोकून फोडणं किंवा फटीत चोच खुपसून आतला स्नायू कापणं, आणि एकेक पक्षी बहुधा आपली एकच पद्धत वापरतो. एखाद्यावर पंधरा मिनिटं नजर ठेवा, त्याची कोणती ते कळेल.

माझा जीव मात्र टर्नस्टोनवर. आखूड नारिंगी पाय, किंचित वर वळलेली पाचरीसारखी चोच, आणि नावाप्रमाणे दगड उलटण्याचा धंदा. जगातल्या जवळपास प्रत्येक समुद्रकिनाऱ्यावर हिवाळ्यात तो भेटतो. बंदरात तर तो माणसांच्या पायांत वावरतो. जाळ्यांच्या ढिगात शिरतो, शेवाळाची चटई सतरंजीसारखी गुंडाळत नेतो, दोरखंडाच्या वेटोळ्यात डोकं घालतो. इतर सगळ्यांसाठी मी भिंतीपाशी बसून वाट बघते. हा आपणहून दहा पावलांवर येतो. मुलांना पहिला पक्षी दाखवायचा असेल तर हाच दाखवा.

कुरवांना, म्हणजे गल पक्ष्यांना, कंटाळू नका. "सगळे सारखेच" असं म्हणून लोक त्यांना सोडून देतात, कारण एकाच थव्यात तपकिरी, ठिपकेदार, अर्धवट राखाडी असे दहा प्रकार दिसतात. ती बऱ्याचदा एकाच जातीची वेगवेगळ्या वयाची पाखरं असतात. मोठ्या कुरवांना प्रौढ पिसारा यायला चार वर्षं लागतात, लहानांना दोन. म्हणून सुरुवात प्रौढ पक्ष्यापासून करा, पाठ एकरंगी राखाडी झालेला बघा. काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं हिवाळ्यात काळं नसतंच; पांढऱ्या डोक्यावर डोळ्यामागे एक गडद ठिपका तेवढा उरतो. चोच आणि पाय लालसर. मासेमारीची बोट आत शिरताना कुरव तिच्यामागून येतात आणि नंतर रांगेनं कठड्यांवर बसतात. ती वेळ सावकाश बघण्याची. चोचीच्या टोकावरून पाण्याचा थेंब गळताना दिसेल. समुद्राचं पाणी पिऊन शरीरात साठलेलं मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात, तो हा थेंब.

पाणकावळा पंख पसरून का बसतो, हे मला बंदरावर सगळ्यांत जास्त विचारलं जातं. त्याची पिसं बाहेरच्या बाजूनं भिजतात. त्यामुळे त्याला सहज बुडी मारता येते, आणि त्यासाठीच नंतर वाळत बसावं लागतं.

मधूनच सगळा चिखल एकदम उठतो, थवा आवळून एकाच वेळी वळतो, पांढरा आणि राखाडी होत राहतो. तेव्हा थव्याकडे बघत राहायचा मोह आवरा आणि वर बघा, क्रेनच्या टोकाकडेही बघा. तिथून बहुधा बहिरी ससाणा निघालेला असतो.

पण थवा ससाण्यामुळे उठणं वेगळं आणि आपल्यामुळे उठणं वेगळं. चौथ्या हिवाळ्यातली गोष्ट. ब्रेकवॉटरच्या दगडांवर चारेकशे पक्षी भरतीच्या विश्रांतीला उभे होते, आणि त्यातल्या एका गॉडविटच्या, म्हणजे लांब चोचीच्या स्थलांतरी पक्ष्याच्या, पायात अक्षरं लिहिलेला झेंडा होता. संशोधक पक्षी पकडून असे रंगीत झेंडे किंवा कडी घालतात आणि पुन्हा सोडून देतात. स्थलांतराच्या पूर्व आशियाई मार्गावर झेंड्याचा रंग पक्षी कुठे पकडला तो प्रदेश सांगतो, न्यूझीलंडचा पांढरा, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरियाचा नारिंगी. मी दोन अक्षरं वाचली. तिसरं शेजारच्या पक्ष्याआड होतं. मी उठून चार पावलं पुढे गेले, आणि सगळा थवा उडाला. अकरा मिनिटं तो पाण्यावर घिरट्या घालत होता, मग लांबच्या बंधाऱ्यावर उतरला. तो गॉडविट मला पुन्हा दिसला नाही.

त्या अकरा मिनिटांची किंमत कळायला गॉडविटचा प्रवास माहीत हवा. 2022 मध्ये जेमतेम पाच महिन्यांचा एक पट्टेरी शेपटीचा गॉडविट अलास्काहून निघून 11 दिवस कुठेही न उतरता टास्मानियाला पोहोचला, 13,560 किलोमीटर. एवढं अंतर कापणारे पक्षी चरबीच्या साठ्यावर जगतात, आणि विश्रांतीच्या तासांत तो साठा वाचवतात. आपण उठवलं की त्यातलं जळतं. म्हणून खूण लक्षात ठेवा. पक्षी एका पायावर, चोच पाठीत खुपसून उभे आहेत तोवर ठीक. चोची बाहेर आल्या, माना ताठ झाल्या, कडेचे चालू लागले, की तुम्ही जास्त जवळ आहात. तिथेच थांबा आणि हळूच मागे या. तिसरं अक्षर दिसायचं असेल तर पक्षी हलल्यावर दिसेल. दिसलं तर झेंड्याचा रंग, तो पायात कुठे आहे, वेळ आणि ठिकाण टिपून अभ्यासकांना कळवा. अर्धवट वाचलेलंही अर्धवट म्हणूनच लिहा.

मेलेला किंवा माना टाकून बसलेला पक्षी दिसला तर हात लावू नका. बर्ड फ्लूचा धोका खरा आहे. वनखात्याला कळवा. पायात मासेमारीची तंगूस गुंतलेला पक्षीही स्वतः धावत पकडायला जाऊ नका. धक्क्यावर पडलेले तंगुसाचे तुकडे मात्र रोज उचला. मी पिशवी सोबतच ठेवते.

मोजणी पहिल्या दिवसापासून करा. दहा पक्षी एकेक मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरा आणि तेवढे तुकडे पुढे पुढे ठेवत जा. मोठ्या थव्यात शंभराचे तुकडे. पक्षी विश्रांतीला उभे असताना मोजलेला आकडा सगळ्यांत भरवशाचा. वहीत तारीख, भरतीची वेळ आणि उंची, वारा, जात, संख्या लिहा, आणि एकही पक्षी दिसला नाही तर शून्यही लिहा. जागतिक पाणपक्षी गणना 1967 पासून आणि तिची आशियाई शाखा 1987 पासून दर जानेवारीत होते. ती अशाच मोजणाऱ्यांच्या वह्यांवर उभी आहे. एकच बंदर दहा वर्षं मोजणाऱ्याच्या वहीचं मोल दहा बंदरं एकेकदा पाहणाऱ्याच्या वहीपेक्षा कितीतरी जास्त.

मार्चमध्ये फेऱ्या कमी करू नका, उलट वाढवा. पक्षी अधाशासारखे खातात, छाती भरते. राखाडी पिसांत तांबूस ठिपके उमटतात आणि पुस्तकातलं चित्र हळूहळू समोर तयार होतं. मग एखाद्या संध्याकाळी एक छोटा थवा नेहमीपेक्षा जास्त बोलू लागतो, उठतो, परत उतरतो, पुन्हा उठतो. या वेळी तो पाण्यालगत न राहता वर वर चढत जातो, रेषा होते, रेषा वाकते, आवाज विरतो. त्या दिवसाची तारीख आणि दिशा लिहून ठेवा.

आणि जूनमध्ये एकदा जाऊन या. चिखलावर काही राखाडी पक्षी अजून दिसतील. ते आजारी नसतात. ती बहुतेक गेल्या वर्षी जन्मलेली पाखरं, जी पहिला उन्हाळा उत्तरेला न जाता इथेच काढतात. त्यांचीही मोजणी करा.