गल्लीची कोजागिरी परसात करताय? या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेकडं किंवा मिरज रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत अजून काही घरांना मागं बऱ्यापैकी मोकळं परस आहे. अशा घरानं वर्षातून एकदा गल्लीला बोलवावं आणि त्यासाठी कोजागिरीच धरावी, असं मला मनापासून वाटतं. पाऊस सरत आलेला असतो, थंडी अजून लागलेली नसते, आणि दूध-भडंगावर कार्यक्रम होतो. तो फसतो तेव्हा कारण बहुधा एकच असतं. जागा आपली म्हणून सगळं आपणच करायचं असं यजमान ठरवतो आणि गल्ली नुसती पाहुणी होऊन बसते.

तारीख आणि वेळ

कॅलेंडरात कधी कोजागिरी एका दिवशी आणि पौर्णिमा दुसऱ्या दिवशी दिसते. मध्यरात्री पौर्णिमा असते ती रात्र कोजागिरीची. २०२४ मध्ये ती १६ ऑक्टोबरला होती, २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला आली. महिन्याच्या सुरुवातीला आली तर परतीचा पाऊस धरूनच चाला. ऑक्टोबर म्हणजे तासगाव-मिरज भागात द्राक्षाच्या फळछाटणीचे दिवस. गल्लीत बागायतदार असतील तर ते पहाटे उठणारे. त्यांना विचारूनच वेळ ठरवा.

साडेसातला या, असं सांगणं ही नेहमीची चूक. त्या संध्याकाळी बऱ्याच घरांत थोरल्या मुलाला किंवा मुलीला ओवाळतात, आश्विनी असते. ते उरकून माणसं निघायला साडेआठ होतात. शिवाय साडेसातला चंद्र पूर्वेला खालीच असतो, शेजारच्या बिल्डिंगमागं लपलेला. दहानंतर तो चांगला वर येतो. म्हणून साडेआठला जमा, दहाला दूध, हा हिशेब बरा.

स्पीकर

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. सणासुदीला शासन मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, पण त्यात कोजागिरी आहे का हे पोलीस ठाण्यात विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. माझं मत विचाराल तर परसात स्पीकर नकोच. पेटी-तबला असेल तर उत्तम, नाहीतर गाण्याच्या भेंड्या. मुलींना हादग्याची गाणी म्हणायची असतील तर पाटावर हत्ती काढून मधोमध ठेवा आणि फेर धरायला जागा सोडा. खिरापत कुणी काय आणली हे आधी फुटू देऊ नका, ओळखण्यातच सगळी मजा असते.

दूध: सगळ्यात जास्त इथंच बिघडतं

आधी माप. पन्नास माणसांना प्रत्येकी दीडशे मिली म्हणजे साडेसात लिटर तयार दूध. पाऊण राहीपर्यंत आटवायचं तर दहा लिटर कच्चं दूध लागेल, वर दोन लिटर हाताशी ठेवा. म्हशीचं, साय धरणारं दूध घ्या. त्या दिवशी सगळ्या गावालाच दूध हवं असतं, तेव्हा दूधवाल्याला दोन दिवस आधी सांगून ठेवा. घरच्या शेगडीवर एवढं दूध आटायला दोन तास सहज लागतात. सातला पातेलं चढलं पाहिजे.

नासण्याचं मुख्य कारण म्हणजे सकाळचं आणि संध्याकाळचं दूध एकत्र ओतणं. चार घरांतून आलेलं दूध असेल तर प्रत्येक किटलीतलं वाटीभर वेगळं उकळून बघा. एखादं फाटलं तर ती किटली बाजूला. हे पाच मिनिटांचं काम टाळलं की सगळं पातेलं जातं. फाटलेलं दूध साखर, वेलची घालून सावरायला जाऊ नका. त्याचं पनीर होईल, मसाला दूध होणार नाही.

लागणं ही दुसरी तक्रार. पातेलं जाड बुडाचं हवं. पितळी असेल तर कल्हई ताजी आहे ना ते बघा. दूध ओतण्याआधी तळाला थोडं पाणी फिरवा. पहिल्या उकळीनंतर आच मध्यम करा आणि कालथा तळाला टेकवून हलवत राहा. साखर शेवटच्या दहा मिनिटांतच. आधी घातली की बुडाला लागतं. तरीही करपल्याचा वास आलाच, तर गॅस बंद करून तळ अजिबात खरवडू नका. वरचं दूध अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा. वास हलका असेल तर निभावतं. जास्त असेल तर ते दूध वाटू नका, म्हणूनच वरचे दोन लिटर.

पातळ राहिलं आणि वेळ संपली, तर दूध पावडर गार दुधात कालवून मग घाला. गरम दुधात थेट टाकली की गुठळ्या होतात. भिजवलेल्या बदामांची पेस्टही चालते. जायफळ मात्र बेतानं घाला. दहा लिटरला अर्धं किसून पुरतं, जास्त झालं की कडवट लागतं. चारोळी घालण्याआधी दोन दाणे चावून बघा, जुनी असेल तर खवट लागते आणि तो खवटपणा सगळ्या दुधाला लागतो.

साखर घालण्याआधी दोन-तीन लिटर दूध वेगळं काढा. प्रत्येक गल्लीत मधुमेहाची माणसं असतात. त्यांना नुसतं बघत बसावं लागलं तर बोलावलं कशाला?

चांदण्यात दूध ठेवायचं म्हणून मोठं पातेलं उघडं ठेवणं चुकीचं आहे. पावसानंतरच्या रात्री पाकोळ्या आणि चिलटं दिव्यावर झेपावतात आणि दुधात पडतात. नैवेद्याची वाटी चंद्रासमोर ठेवा, पातेल्यावर मलमलचं फडकं बांधा. मोठा दिवा दुधापासून लांब, परसाच्या दुसऱ्या टोकाला लावा.

भडंग

सांगलीत दुधाबरोबर भडंग नसेल तर लोक विचारणारच. ते परातीत ओतून ठेवलं की दमट हवेत अर्ध्या तासात सादळतं. डब्यातच ठेवा, कांदा-कोथिंबीर वाटण्याच्या क्षणी कालवा. सादळलंच तर कढईत मंद आचेवर दोन मिनिटं परता, पुन्हा कुरकुरीत होतं; अर्थात कांदा घालण्याआधी.

मांडव, चिखल, वायरी

पावसाच्या भीतीनं पूर्ण परसावर मांडव घातला तर चंद्र दिसणार कुठून? ताडपत्री फक्त शेगडीवर आणि ज्येष्ठ बसतील तेवढ्या जागेवर बांधा, तीही एका बाजूला उतार देऊन. सपाट बांधली की मध्ये पाण्याची झोळी होते. आपली काळी माती भिजली की चपलेला चिकटून घरभर फिरते, म्हणून जायच्या वाटेवर आठवडाभर आधी मुरूम टाकून घ्या. लाकडं, विटा, जुन्या कुंड्यांचा ढीग असेल तर तो दिवसाउजेडी काठीनं हलवून साफ करा. मण्यार, घोणस बहुधा रात्री फिरतात. साचलेलं पाणी त्याच वेळी उपसून टाका. माळांची वायर ओल्या गवतावरून नेऊ नका, आणि एक्स्टेन्शन बोर्ड विटेवर ठेवून झाकून ठेवा. संडासाकडं जाणाऱ्या वाटेवर दिवा हवा.

कोण राहून जातं

हा भाग मला दुधाहून महत्त्वाचा वाटतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं म्हणजे गल्लीला बोलावलं असं होत नाही. ग्रुपवर घरमालक असतात. भाडेकरू, खोली घेऊन राहणारी कॉलेजची मुलं, नव्यानं राहायला आलेलं कुटुंब, एकट्या राहणाऱ्या आजी नसतात. दारात जाऊन सांगा. वर्गणी काढू नका, कामं वाटा: कुणी भडंग, कुणी सतरंज्या, कुणी दूध हलवायला पाळीपाळीनं. मुलांना कालथा धरायला लावलं की ती रात्रभर हलत नाहीत.

कार्यक्रमात हळदीकुंकू जोडायची पद्धत आहे. तिथं काही बायका मागं सरकून बसतात आणि कुणी काही बोलत नाही. आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. परसातल्या पन्नास माणसांना ठराव लागत नाही. हळदीकुंकू सगळ्यांना द्या, किंवा त्या रात्री ठेवूच नका. नैवेद्याची वाटी गल्लीतल्या सर्वांत वयस्कर बाईंच्या हाती द्या, मग त्या कुणीही असोत.

पेल्यांचं सोपं आहे. येताना आपापला पेला आणायला सांगा. कागदी कप गरम दुधानं मऊ पडतात आणि सकाळी परसभर पसरलेले मिळतात. तरी दहा-बारा जादा पेले धुऊन ठेवा, विसरणारे असतातच.

उरलेलं दूध रात्रभर ओट्यावर ठेवू नका. लहान भांड्यांत वाटून, गार करून फ्रीजमध्ये घाला किंवा निघणाऱ्यांच्या पेल्यात भरून द्या. सकाळी त्यात शेवया शिजवल्या तर वेगळी साखर लागत नाही.